कढईतून टाकीत

सुरत-धुळे महामार्ग नवापूरजवळ महाराष्ट्रात शिरतो आणि विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारीच्या घाटाकडे चढू लागतो. या पट्ट्यात दिवसरात्र ट्रक धावतात आणि दिवसरात्र कढया तापतात. घाट चढण्याआधी ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, क्लीनर टायरवर टॉमी मारून हवा बघतो, आणि दोघं चहा-भज्यांच्या गाडीशी येऊन उभे राहतात. कढईत वापरून संपलेलं तेल आणि समोर उभ्या ट्रकचं इंजिन यांचं नातं जगाला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ते अजून जुळलेलं नाही. ते जुळायला हवं, आणि त्याचं पहिलं कारण ट्रकच्या नव्हे, माणसाच्या पोटाशी आहे.

कढईकडे जरा जवळून पाहावं. सकाळी डब्यातून ओतलेलं पामोलिन फिकट पिवळं असतं. बेसन, मीठ, मिरचीतलं पाणी त्यात उतरू लागलं की दुपारपर्यंत ते तांबूस होतं, दिवेलागणीला काळपट. सकाळी भजी सोडली की बुडबुडे उठून लगेच विरायचे. आता फेस कढईच्या काठाला धरून राहतो. धूर लवकर सुटतो. झारा वर उचलला तर थेंब चटकन गळत नाही, तार धरतो. तळाशी जळक्या पिठाची काळी रेती साचलेली असते. वारंवार तापलेल्या तेलाची घडणच बदलते आणि त्यात ‘ध्रुवीय संयुगं’ वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यास अयोग्य, असा नियम भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने केला आणि तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला. रक्तदाब, धमन्यांचे आजार, यकृताचे विकार यांच्याशी अशा तेलाचा संबंध असल्याचं हेच प्राधिकरण सांगतं.

नियम आहे, पण गाडीवाला तेल फेकत नाही. तो वरून नवं ओततो. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. तेल हाच त्याच्या धंद्यातला सर्वांत महाग माल, आणि फेकलेल्या तेलाचे त्याला कुणी पैसे देत नाही. शिवाय दररोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या आस्थापनांनीच वापराची नोंद ठेवायची आहे. रस्त्यावरची कढई त्या मोजमापात बसतच नाही. मोठ्या स्वयंपाकघरांतलं वापरलेलं तेल स्वस्तात खाली विकलं जातं, तिथून आणखी खाली. उतरत उतरत ते अशा ताटात पोहोचतं ज्याला निवडीला वाव नसतो. आठवडे बाजारात डोक्यावर मोळी घेऊन आलेली बाई, रोजंदारी आटोपून परतणारा मजूर, जत्रेत बापाचं बोट धरून आलेलं पोर यांच्या पुड्यात ते येतं. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या कुपोषणाची चर्चा वर्षानुवर्षं होत आली आहे. ज्या मुलांना चांगलं तेल पुरेसं मिळत नाही, त्यांच्या वाट्याला सणावारी येणारा तेलकट घास तरी मेलेल्या तेलातला नसावा, एवढी साधी मागणी आहे. त्या तेलाला दुसरीकडे किंमत मिळाली तरच ती पुरी होईल.

दुसरीकडे म्हणजे इंजिनात. डिझेल इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याच्या हयातीतच हे सिद्ध झालं होतं. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन चालवून दाखवलं, तेही शेंगदाण्याच्या तेलावर. इंजिन खनिज तेलासाठी बनवलेलं होतं आणि त्यात कसलाही बदल केलेला नव्हता. ते इतकं सुरळीत चाललं की आत शेंगदाण्याचं तेल आहे हे फार थोड्या प्रेक्षकांच्या लक्षात आलं. फ्रेंच सरकारचं लक्ष तेव्हा आपल्या आफ्रिकी वसाहतींकडे होतं. तिथे भुईमूग मुबलक पिके, आणि तिथली यंत्रं तिथल्याच तेलावर चालावीत असा विचार होता. डिझेलने स्वतः पुढे १९१२ मध्ये वनस्पती तेलाच्या भवितव्याविषयी आशेने लिहिलं. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लिश खाडी ओलांडताना तो जहाजावरून नाहीसा झाला. खनिज तेल स्वस्त होतं, म्हणून जग त्या बाजूला गेलं. ज्या खानदेशात शेंगदाण्याचं तेल पिढ्यान् पिढ्या घाण्यावर निघत आलं, तिथल्या शेतकऱ्याच्या विहिरीवरही पुढे खनिज डिझेलचंच इंजिन बसलं.

मग आज कढईतलं तेल गाळून सरळ ट्रकच्या टाकीत ओतलं तर? गाडी सुरू होईल, कदाचित चालेलही. खरी किंमत पुढे मोजावी लागते. वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असतं. नोझलच्या तोंडाशी केसाएवढी बारीक भोकं असतात आणि त्यांतून इंधनाचं धुकं सुटायला हवं. घट्ट तेलाचे थेंब सुटतात. ते पुरते जळत नाहीत. नोझलच्या टोकाला काजळीचा कडक थर चढतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, गाडी काळा धूर मारू लागते, पिकअप जातो. न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं, इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि त्याचा चिकट गोळा करून टाकतं. शेवटी बोअर-पिस्टनचं काम निघतं, आणि तो खर्च वाचवलेल्या डिझेलच्या कितीतरी पट असतो.

यावर जगभरच्या हौशी आणि कुशल मिस्त्रींनी काढलेला तोडगा दोन टाक्यांचा. एका टाकीत डिझेल, दुसरीत गाळलेलं तेल. गाडी डिझेलवर सुरू करायची. इंजिन तापलं की रेडिएटरचं गरम पाणी नळीतून दुसऱ्या टाकीत फिरतं आणि तेलाला सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवतं. तेल पातळ झालं की कॉक फिरवून गाडी तेलावर घ्यायची. मुक्कामाला पोहोचण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये राहिलेलं तेल धुऊन निघतं. हे विसरलं तर थंड झालेलं तेल पंपातच घट्ट होतं आणि सकाळी गाडी हलत नाही. तेलही तसंच ओतून चालत नाही. ते आठवडाभर स्थिर ठेवून गाळ बसू द्यायचा, कापडातून आणि मग बारीक फिल्टरमधून काढायचं, पाण्याचा अंश उडवायचा. तव्यावर थोडं तेल तापवलं आणि तडतडलं नाही, तर पाणी नाही असं समजायचं. जुन्या टाटाच्या इंजिनावर रांगेतला पंप असतो. त्याचं वंगण इंजिन ऑइलचं, म्हणून तो घट्ट तेल सोसतो. रोटरी पंपाला इंधन हेच वंगण, तो लवकर मोडतो. आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांमध्ये कॉमन रेलचा दाब इतका प्रचंड आणि धुराच्या मार्गातली यंत्रणा इतकी नाजूक असते, की कच्चं तेल त्यांना शत्रूच आहे. अशा गाडीत कुणी भज्यांचं तेल ओतण्याचा सल्ला देत असेल, तर तो ऐकू नये.

नंदुरबारची हवाही इथे आडवी येते. सातपुड्यात डाब आणि तोरणमाळच्या बाजूला थंडीच्या कडाक्यात गवतावर दव गोठतं. आपल्या कढयांत मुख्यतः पामोलिन असतं, आणि ते पहाटेच्या गारठ्यात टाकीतच थिजतं. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटातून माल नेणारी गाडी वळणावर इंधन अडून बंद पडली तर ते केवळ नुकसान नाही, तो जिवाशी खेळ आहे.

म्हणून कच्चं तेल नव्हे, त्याचं बायोडिझेल. ही रसायनक्रिया १८५३ पासून माहीत आहे आणि कागदावर तरी सोपी आहे. तेलाचा रेणू मोठा, तीन शाखांचा. त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा मिसळून साठ अंशांच्या आसपास घुसळलं की शाखा सुटतात. वर पातळ, सोनेरी बायोडिझेल तरंगतं आणि खाली गडद ग्लिसरीन बसतं. ढोबळ हिशेब असा, की १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल यांतून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन निघतं. प्रत्यक्षात क्रिया पुरी व्हावी म्हणून मिथेनॉल जास्त घालतात आणि उरलेलं परत मिळवतात. जळलेल्या तेलात आम्लं वाढलेली असतात, त्यामुळे सोडा किती घालायचा हे आधी तपासावं लागतं. जास्त पडला तर टाकीभर साबण होतो. घरगुती प्रयोग करणारे यासाठी कधी कधी हळद वापरतात. अल्कली पुरेशी झाली की हळद तांबडी होते. ज्या घरात हळदीचं कुंकू होताना पाहिलं आहे त्या घराला हे वेगळं सांगायला नको. तयार बायोडिझेलचा घट्टपणा जवळपास डिझेलइतका येतो, त्यात गंधक जवळजवळ नसतं, वंगणाचा गुण चांगला असतो. एव्हरेज थोडा कमी पडतो. जुन्या टाकीतला गाळ ते सोडवून आणतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर चोक होतात; रबरी नळ्या जुन्या असतील तर त्याही बदलाव्या लागतात.

कृती सोपी आहे म्हणून ती घराच्या पडवीत करायची नाही. मिथेनॉल हे जहर आहे. थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, जास्त गेलं तर जीव. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलनेच. मोहाची दारू घरोघरी निघणाऱ्या डोंगरात मिथेनॉलचं पिंप उघड्यावर ठेवणं म्हणजे संकटाला आवतण. हे काम परवानाधारक कारखान्यातच व्हायला हवं. जिल्ह्याने करायचं ते तेल गोळा करण्याचं काम, आणि खरी अडचणही तिथेच आहे.

हे जमतं याचा पुरावा दूर परदेशात शोधायला नको. मॅकडोनाल्ड्सची उपाहारगृहं पश्चिम भारतात चालवणाऱ्या कंपनीने मुंबईतल्या ८५ उपाहारगृहांतलं वापरलेलं तेल बायोडिझेल करून आपला माल वाहणाऱ्या ट्रकना द्यायला सुरुवात केली. २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलेला आकडा महिन्याला ३५,००० लिटरचा होता. ज्या बटाट्याच्या काड्या तळून तेल उरलं, तोच बटाटा पुढच्या फेरीत त्या तेलावर उपाहारगृहापर्यंत येऊ लागला. यामागचं कारण फक्त पैसा किंवा तंत्र नव्हतं. तेल एका मालकाचं, दर्जा एकसारखा, आणि ते उचलायला येणारी गाडी ठरलेली. भज्यांच्या गाड्यांना यातलं काहीच मिळत नाही.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असं नाही. १० ऑगस्ट २०१८ ला, जागतिक जैवइंधन दिनी, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘रुको’ ही योजना सुरू केली: वापरलेलं खाद्यतेल ताटाकडे जाण्यापासून रोखायचं आणि इंधनाकडे वळवायचं. पुढच्या वर्षी याच दिवशी सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांसाठी अशा बायोडिझेलची खरेदी जाहीर केली. पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये असा दर ठरला. देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरलं जातं, त्यातलं १४० कोटी लिटर वापरलेलं तेल मोठ्या ग्राहकांकडून गोळा होऊ शकतं आणि त्यातून ११० कोटी लिटर बायोडिझेल मिळू शकतं, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं. गोळा करण्याची साखळीच नाही, हेही त्याच वेळी मान्य केलं. या योजनेतून आलेलं बायोडिझेल मिसळलेल्या डिझेलचा पहिला टँकर दिल्लीतल्या टिकरीकलान इथून निघाला तो ४ मे २०२१ ला. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे; मिश्रण मात्र एका टक्क्याच्याही आत अडकलेलं आहे. पेट्रोलमध्ये उसाच्या आणि धान्याच्या इथेनॉलचा वाटा २० टक्क्यांवर पोहोचला. ऊस पिकवणाऱ्याच्या मागे कारखाना होता, संघटना होती. कढईवाल्याच्या मागे कुणी नाही.

या पोकळीत भलतेच लोक शिरले. २०२०-२१ च्या सुमारास गुजरातच्या महामार्गांवर ‘बायोडिझेल’ म्हणून औद्योगिक तेल आणि सॉल्व्हंट विकणाऱ्या पंपांवर धाडी पडल्या. महाराष्ट्रातही असे साठे पकडले गेले. स्वस्त मिळतं म्हणून ड्रायव्हरने टाकी भरून घेतली, आणि नोझल बसले ते त्याच्या मालकाचे. केंद्राने ३० एप्रिल २०१९ ला बायोडिझेल विक्रीची नियमावली काढली आहे. पण आडरस्त्यावरच्या टँकरमधून काय सुटतंय हे गाडीवाल्याला नाकाने कळत नाही. खऱ्या बायोडिझेलचं नाव यात नाहक खराब झालं.

इथे एक जुना धडा आठवावा लागतो. नाशिकचे विनायकदादा पाटील यांनी ऐंशीच्या दशकात वनशेतीचा ध्यास घेतला आणि मोगली एरंड शेतकऱ्यांपर्यंत नेला. पुढे देशालाच त्या झुडपाची भुरळ पडली. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल घालून धावली. २००४ मध्ये भावनगरच्या केंद्रीय प्रयोगशाळेने मोगली एरंडाच्या तेलापासून बनवलेल्या बायोडिझेलवर दोन मर्सिडीज गाड्या देशभर जवळपास सहा हजार किलोमीटर फिरल्या. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं. पडीक जमिनीत, पाण्याविना ते झुडूप भरघोस बिया देईल ही आशा मात्र फोल ठरली, आणि लागवड केलेल्यांच्या हाती फारसं लागलं नाही. सातपुड्यातही मोह आहे, करंज आहे. पण मोहाचं तेल इथल्या घरांत खाल्लं जातं. ते गाडीत जाळणं हा अन्नाचा अपमान ठरेल. आदिवासीची जमीन इंधनाच्या झाडाखाली घालण्याची कल्पना तर नकोच. वापरलेल्या तेलाला एक गुंठाही जमीन लागत नाही, थेंबभर पाणी लागत नाही. म्हणून ते सर्वांत स्वच्छ इंधनांत मोडतं, आणि म्हणूनच आता त्यावर विमान कंपन्यांचाही डोळा आहे. विमानाला ते जावं की ट्रकला, हा पुढचा प्रश्न. आधी ते ताटातून बाहेर पडू दे.

हिशेब लहानच करून पाहू. जिल्ह्यात शंभर गाड्यांनी रोज दोन लिटर जुनं तेल बाजूला काढलं असं धरलं, तर दोनशे लिटर होतं. लादलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं, तर त्यातून एक गाडी नंदुरबारहून मुंबईला जाऊन जवळपास परत येईल, रोज. डिझेलच्या देशव्यापी खपापुढे हे काहीच नाही. पण ते दोनशे लिटर माणसांच्या पोटात गेलं नाही, हा हिशेब वेगळा मांडावा लागेल, आणि तो मोठा आहे.

जिल्ह्याला हे झेपेल का, असं विचारणाऱ्यांनी बिलगाव आठवावं. अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यातल्या या गावच्या लोकांनी केरळच्या दोन तरुण अभियंत्यांच्या सोबतीने श्रमदान करून उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॉटचा वीजसंच उभारला. २००३ मध्ये तिथे घराघरांत दिवे लागले. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो संच बुडाला. यंत्र समजून घेणं, सांभाळणं, हिशेब ठेवणं या माणसांना जमतं, हे तेव्हाच दिसलं आहे. पिंपात तेल गोळा करून आठवड्याला एक टेम्पो भरणं त्याहून अवघड नाही.

सुरुवात सारंगखेड्याच्या यात्रेपासून करता येईल. दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, महाराष्ट्र-गुजरात-मध्य प्रदेशातून माणसं येतात आणि जिलेबी-भज्यांच्या कढया रांगेने लागतात. अन्न व औषध प्रशासनाने तिथे हातात धरायचं तेलमापक यंत्र घेऊन फिरावं, दंडाच्या पावतीसोबत जुन्या तेलाचे रोख पैसे देणारा माणूसही न्यावा. हाच माणूस मग काठीच्या होळीला, मोलगीच्या बाजाराला, नवापूरच्या फाट्यावर जावा. दर असा असावा, की जुनं तेल पुन्हा तापवण्यापेक्षा विकणं गाडीवाल्याला परवडेल. बाकी सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आणि वाचकाने घरातलं तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नये. गार झालं की गाळून बाटलीत भरावं, आणि ते घेणारं पिंप आपल्या नगरपालिकेकडे मागावं.